थोडा सट्टा

वायदेबाजारात माल सुटा मिळत नाही, लॉटने मिळतो. वाण्याच्या दुकानात आपण पाव किलो साखर मागू शकतो. वायद्यात तशी सोय नाही. एक लॉट म्हणजे किती, हे आधीच ठरलेले असते. घ्यायचा तर तेवढा घ्यायचा, नाहीतर परत फिरायचे. गेली काही वर्षे वसई-विरार पट्ट्यातल्या तरुणांत एक प्रश्न फिरतो आहे : लहान लॉट कोणता ब्रोकर देतो? सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये दाराशी लोंबकळणाऱ्या मुलांच्या फोनवर पूर्वी क्रिकेटचा स्कोअर असे. आता तिथे हिरव्या-लाल रेषा दिसतात. प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा आहे. मला मात्र तो नीतीचा वाटतो, आणि आपल्या समाजापुरता पाहिला तर दीनचाही वाटतो.

ज्यांचा या बाजाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वायदा म्हणजे आज भाव बांधून पुढच्या तारखेला देण्याघेण्याचा करार. पूर्ण रक्कम भरावी लागत नाही. काही टक्के अनामत ठेवायची, तिला मार्जिन म्हणतात. रोज बाजार बंद झाला की त्या दिवसाचा नफा खात्यात येतो किंवा तोटा कापला जातो. माल घरी नेणारे फार थोडे. निफ्टी-सेन्सेक्ससारख्या निर्देशांकाच्या वायद्यात तर न्यायला मालच नसतो. तिथे एका आकड्यावर करार होतो आणि पैशांतच मिटतो.

लॉट किती मोठा असावा हे ब्रोकर ठरवत नाही. सेबीच्या नियमांत राहून एक्स्चेंज ठरवते. त्यामुळे वरच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे की निफ्टीचा वायदा असो वा सोन्याचा, नोंदणीकृत ब्रोकर कोणीही असला तरी लॉट तोच. एखादा 'आमच्याकडे लहान तुकडा मिळेल' म्हणाला, तर सौदा एक्स्चेंजवर जातच नाही असे समजावे. त्या धंद्याला बाजारात 'डब्बा' म्हणतात. तुमचा सौदा त्याच्या वहीत राहतो. तुम्ही हरलात तर पैसे त्याचे, आणि तुम्ही जिंकलात तर तो फोन उचलत नाही. याचीच परदेशी आवृत्ती म्हणजे मोबाइलवर येणारी चलनाच्या सौद्याची अॅप्स. ती लॉटचा शंभरावा हिस्सासुद्धा देऊ करतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा अनधिकृत मंचांची यादीच प्रसिद्ध केली आणि नंतर तिच्यात भर घातली. व्यवहाराचा प्रश्न इथे संपतो. नीतीचा प्रश्न इथून पुढे आहे.

भारतात निर्देशांकाचे वायदे जून २००० मध्ये सुरू झाले. त्या वेळी कराराची किमान किंमत दोन लाख रुपये ठरली. १ जानेवारी २००८ ला निफ्टी आणि सेन्सेक्सचे 'मिनी' करार आले. त्यांच्यासाठी किमान किंमत एक लाख केली होती. ते मिनी पुढे बंद झाले. २०१५ मध्ये सेबीने दोन लाखांची मर्यादा पाच लाखांवर नेली. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने ती पंधरा लाख झाली आणि २० नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाली. कारण सांगितले गेले ते लहान गुंतवणूकदाराच्या रक्षणाचे. आता अमेरिकेकडे पाहा. शिकागोच्या एक्स्चेंजने १९९७ मध्ये मोठ्या कराराहून लहान असा 'ई-मिनी' काढला आणि मे २०१९ मध्ये त्याच्याही दहाव्या हिश्श्याचा 'मायक्रो' आणला. तिथे कारण सांगितले गेले ते लहान माणसाला दार उघडून देण्याचे. एक देश लहान माणसासाठी करार मोठा करतो, दुसरा लहान माणसासाठीच लहान करतो. दोघांपैकी खरी दया कोणाची?

आपल्याकडेही सगळीकडे करार मोठा नाही. अंधेरीच्या एमसीएक्सवर सोन्याचा मोठा करार एक किलोचा आहे, पण त्याखाली शंभर ग्रॅमचा मिनी, आठ ग्रॅमचा गिनी आणि चक्क एक ग्रॅमचा पेटल आहे. चांदी तीस किलोंची, पाच किलोंची आणि एक किलोचीही मिळते. म्हणजे शेअरबाजारात सरकार हात धरून मागे ओढते आणि धातूंच्या बाजारात तोच हात पुढे करून बोलावते. या विसंगतीबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. उर्दू माध्यमातून दहावी झाला, आता वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि नालासोपाऱ्यात भाड्याने राहतो. गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर मशिदीबाहेर भेटला आणि हळूच म्हणाला, "सर, छोटा लॉट कहाँ मिलेगा? बड़ा नहीं खेलना है, बस थोड़ा." या मुलाला मी ओळखतो. बँकेच्या बचत खात्यावर जे व्याज जमा होते ते तो दरवर्षी काढून सवाबाची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकतो. लॉटरीचे तिकीट त्याने कधी घेतले नाही. अशा मुलाच्या तोंडी 'खेलना' हा शब्द सहज आला. त्याच्या मनातला हिशेब मला लख्ख दिसला : मोठे करणे हा जुगार, थोडे करणे हा धंदा. हा हिशेब त्याचा एकट्याचा नाही, म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

थोडे केले तर चालते का, हा प्रश्न आपल्या फिकहला नवा नाही. गंमत अशी की तिथे या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांविरुद्ध दिसतात.

पहिले उत्तर नशेच्या बाबतीतले. तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहांत पैगंबर मुहम्मद (स.) यांचे जे मार्गदर्शन आले आहे त्याचा आशय असा की जी वस्तू भरपूर घेतल्यावर नशा चढवते ती थोडी घेणेही निषिद्ध. प्रमाणाला इथे किंमत नाही. आणि कुरआनने मद्य आणि जुगार यांचा उल्लेख एकत्र केला आहे. सूरह बकरामध्ये तर या दोन्हींत लोकांसाठी काही फायदाही आहे हे मान्य करून, हानी फायद्याहून मोठी असल्याचे सांगितले आहे. फायदा नाकारलेला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वायदेबाजाराचे समर्थक नेमका फायदाच पुढे करत असतात.

दुसरे उत्तर गररच्या बाबतीतले. गरर म्हणजे सौद्यातली अनिश्चितता, अंधार. उडता पक्षी किंवा पाण्यातला न पकडलेला मासा विकणे, ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळ्याला ती वेगळी समजावून सांगायला नकोत. पण फुकहा असेही म्हणतात की अल्प गरर माफ आहे. तेराव्या शतकातले इमाम नववी, ज्यांचा शब्द आपल्या कोकणी मुसलमानांच्या शाफई मसलकात मोठा मानतात, त्यांनी दिलेली उदाहरणे मोठी बोलकी आहेत. अंगरख्याच्या आतले कापूस-अस्तर न पाहता तो घेतला तरी चालतो. ठरावीक पैसे देऊन हमामात गेले तर कोण किती पाणी वापरेल हे माहीत नसते, तरी चालते. घर महिन्याने भाड्याने घेतले तर महिना एकोणतीस दिवसांचा निघतो की तीस दिवसांचा हे चंद्र दिसेपर्यंत कळत नाही, तरी चालते. इथे मात्र थोडेपणाला माफी आहे.

मग छोटा लॉट यांपैकी कुठे बसवायचा? मद्याच्या घोटात की हमामाच्या पाण्यात?

नववींची उदाहरणे नीट पाहिली तर लक्षात येते की तिथे लहान काय आहे. पैसा लहान नाही. अंगरखा महागही असू शकतो. लहान आहे ती अनिश्चितता, आणि तीही एका खऱ्या देवघेवीच्या कडेला लागलेली. अंगरखा खरा, घर खरे, पाणी खरे. महिन्याचा एक दिवस इकडे-तिकडे होईल, एवढेच. आता मिनी करार पाहा. समजा पंधरा लाखांचा करार आहे आणि दहा टक्के मार्जिन आहे. दीड लाख ठेवले. बाजार दोन टक्के खाली आला, तीस हजार गेले. ठेवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा. दुसरा करार एक लाखाचा. दहा हजार ठेवले, बाजार दोन टक्के पडला, दोन हजार गेले. तोही पाचवाच हिस्सा. करार पंधरा पटींनी लहान झाला, अंधार तिळभरही कमी झाला नाही. लहान झाली ती फक्त आत जायची फी. म्हणून 'अल्प गरर'ची सवलत छोट्या लॉटला लावता येत नाही असे माझे मत आहे.

आणि ते दोन हजार कोणाचे, हेही पाहावे लागते. ज्याच्या दीड लाखातले तीस हजार गेले त्याच्या घरी त्या रात्री जेवण थांबत नाही. वालीवच्या कामगाराचे दोन हजार म्हणजे काही दिवसांची मजुरी, म्हणजे मुलीच्या क्लासची फी.

सेबीचे आकडे आता सर्वांसमोर आहेत. सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरबाजाराच्या वायदे व ऑप्शन विभागात एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तोट्यातल्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांखाली सांगितलेले. २०२३-२४ मध्ये या खेळाडूंपैकी ४३ टक्के तीस वर्षांखालचे होते. दलाली, कर वगैरे खर्चापोटीच लोकांनी तीन वर्षांत सुमारे ५० हजार कोटी दिले. जुलै २०२३ पासून ब्रोकरला आपल्या पडद्यावर दहातले नऊ हरतात ही सूचना दाखवावी लागते. सिगारेटच्या पाकिटावरचे चित्र जितके वाचले जाते तितकीच ही सूचना वाचली जाते. २०२४-२५ च्या आकड्यांत हरणारे ९१ टक्के होते आणि एकूण तोटा एक लाख कोटींच्या पुढे गेलेला होता.

मुंबईने ही गोष्ट एकदा पाहिलेली आहे. कापसाचे वायदे मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून होत आले; बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन १८७५ ची. त्या वायद्यांमागे खरा कापूस होता. गिरणीवाल्याला पुढच्या महिन्यात रुई लागणार होती, आडत्याच्या वखारीत गाठी पडून होत्या, दोघांनाही भावाची धास्ती होती. या बाजाराच्या कडेला एक दुसरा बाजार उगवला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावू लागले. कापूस नको, गाठ नको, वखार नको; फक्त आकडा. ज्याची ऐपत एका गाठीचीही नव्हती त्यालाही तो आकडा परवडत होता. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते भाव येणे बंद झाले, तरी खेळ थांबला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, पुढे पत्ते आले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांचा नवा मटका. गिरणगावात एका रुपयावरही आकडा लागत असे. कापसापासून मडक्यापर्यंतचा हा प्रवास मी मुलांना इतिहासाच्या तासाला सांगतो. पाठ्यपुस्तकात तो नाही, पण मुले हा तास विसरत नाहीत.

या प्रवासात लॉट लहान होत गेला, हे खरे. पण लॉट लहान झाला म्हणून कापूस हरवला, असे नाही. कापूस आधी हरवला, आणि तो हरवल्यामुळेच लॉट एका रुपयाइतका लहान करता आला. रुईची गाठ फोडून रुपयाची करता येत नाही; आकड्याचे कितीही तुकडे करता येतात. म्हणून लहान करार पाहिला की मी आधी विचारतो, यात माल कुठे आहे?

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. शेअरबाजारात श्रीमंताला पंधरा लाखांचा करार करायला मुभा आहे आणि गरिबाला नाही. हा कुठला न्याय? पाप असेल तर दोघांना असावे, संधी असेल तर दोघांना मिळावी. यात तथ्य आहे. त्यातही शेतकऱ्याच्या बाबतीत तर फारच आहे. सांगलीच्या हळदीचा वायदा एनसीडीईएक्सवर पाच टनांच्या लॉटने होतो. एकदीड एकर हळद लावणाऱ्याचे सगळे पीक धरले तरी लॉट भरत नाही. भाव पडण्याची खरी भीती ज्याला आहे त्याच्यासाठी लॉट मोठा, आणि ज्याला हळदीशी काही देणेघेणे नाही अशा मुंबईतल्या माणसाला तो सहज परवडतो. सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे सेबीने २० डिसेंबर २०२१ रोजी थांबवले आणि ती बंदी पुढे पुन्हा पुन्हा वाढवली. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याला मोठा काय आणि लहान काय, लॉटच उरला नाही. ज्यांना लहान लॉटची गरज आहे त्यांच्यासाठी तो नाही, हे मला खरे दुखणे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. भावाची धास्ती असलेला शेतकरी किंवा व्यापारी आपले ओझे उतरवायला बाजारात आला, तर ते उचलायला कोणीतरी हवे. सट्टेवाला ते उचलतो. जो जोखीम घेतो त्याने नफा घ्यावा, हे तर आपल्या फिकहचेही सूत्र आहे. मग त्याला दोष का द्यावा? मी यावर पुष्कळ दिवस विचार केला. हळदीच्या बाजारात माहितीच्या आणि भांडवलाच्या बळावर ते ओझे उचलणारा कोणी असेल तर त्याच्याबद्दल मी कठोर बोलणार नाही. सोपारा बंदरात अरबी जहाजे येत तेव्हाही वादळाची जोखीम कोणीतरी उचलतच असे. वादळ त्याने निर्माण केलेले नसे. पण फोनवर निफ्टी घेणारा मुलगा कोणाचे ओझे उचलतो? सेबीच्याच अभ्यासाप्रमाणे २०२३-२४ मध्ये मोठ्या दलाली पेढ्यांनी स्वतःसाठी केलेल्या सौद्यांतला ९६ टक्के आणि परदेशी संस्थांचा ९७ टक्के नफा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला. अशा यंत्रांसमोर हा मुलगा उभा असतो. त्याच्या खांद्यावर कोणाचेही ओझे नाही. त्याच्या खिशातून मात्र पैसा जातो, आणि तो जावा म्हणूनच लॉट लहान करण्याचा आग्रह धरला जातो. ब्रोकरला दलाली सौद्यामागे मिळते. गिऱ्हाईक हरले काय, जिंकले काय.

कायद्याचे म्हणाल तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करार निरर्थक ठरवते. तोच कायदा एक्स्चेंजवरच्या वायद्याला आड येऊ नये म्हणून १९९९ मध्ये रोखे करार कायद्यात १८अ हे कलम घालून असे करार वैध ठरवले. म्हणजे पैजेसारखे दिसते, पण एक्स्चेंजवर झाले तर पैज मानायची नाही. कायद्याला एवढे पुरते. ईमानवाल्या माणसाला पुरेल का, हे त्याने पाहावे.

उलेमांचे एकमत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९२ च्या ठरावात ऑप्शन आणि प्रचलित वायदे अमान्य केले आणि निर्देशांकावरच्या सौद्यांना तर निव्वळ जुगार म्हटले. पाकिस्तानचे मुफ्ती तकी उस्मानीही वायद्यांच्या विरोधात आहेत. जे आपल्यापाशी नाही ते विकू नये, ही हजरत हकीम बिन हिजाम यांना मिळालेली ताकीद त्यांचा मुख्य आधार. उलट मलेशियाच्या शरीअत सल्लागार मंडळाने पामतेलाचे वायदे मान्य केले, आणि मोहम्मद हाशिम कमाली यांनी २००० साली एका पुस्तकात वस्तूंच्या वायद्यांच्या बाजूने सविस्तर युक्तिवाद केला. त्यांचा एक मुद्दा असा की त्या ताकिदीचे खरे कारण माल देता न येण्याची भीती हे होते, आणि एक्स्चेंज ती भीती दूर करते. मदीनेत खजुराचे पैसे आगाऊ देण्याची रीत होती. पैगंबरांनी ती मोडली नाही. माप, वजन आणि मुदत पक्की करायला सांगितले. ही सलमची सवलत गरजू बागायतदारासाठी होती. अट एकच कडक : पैसे पूर्ण आणि आधी. आजच्या वायद्यात नेमके तेच नसते.

माझा कल सांगायचा तर निर्देशांकाच्या बाबतीत जेद्दाच्या बाजूने आहे, मग लॉट पंधरा लाखांचा असो वा पंधराशेचा. माल असलेल्या करारात, आणि करार करणाऱ्याकडे खरोखर माल किंवा मालाची गरज असेल तर, मी कमालींचे ऐकायला तयार आहे. तिथे लहान लॉट ही खरी सोय ठरू शकते. वसईच्या बाजारातला लहान सोनार घ्या. लग्नाची ऑर्डर येते, गिऱ्हाईक बयाणा देऊन आजचा भाव बांधते आणि दागिने दोन महिन्यांनी नेते. मधल्या काळात सोने चढले तर सोनार मेला. एक किलोचा करार त्याच्या कामाचा नाही; आठ ग्रॅमची गिनी त्याच्या मापाची आहे. त्याची जोखीम आधीपासून आहे, करार ती कमी करतो.

पण इथेही मामला वाटतो तितका सरळ नाही. सोने आणि नाणे यांची अदलाबदल उधारीने नाही, हातोहात व्हावी, असा नियम आहे. बहुसंख्य फुकहांच्या मते तो नियम आजच्या नोटांनाही लागू आहे. मग एमसीएक्सची गिनी दूरच राहिली, बयाणा देऊन भाव बांधणे आणि दागिने नेताना बाकी रक्कम देणे हाच सौदा अडचणीत येतो. तो सौदा लग्नसराईत रोज होतो. आपल्या घरच्या मुलींच्या लग्नांतही होतो, आणि त्याबद्दल मुफ्तीसाहेबांना विचारायला गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.